नागपुरात नवे स्वयंपाकघर लावताना: धान्य, डाळी, मिरची-हळद आणि तेल कसे पारखायचे

नोकरीला, शिकायला किंवा लग्न होऊन नागपुरात आलेल्यांचा किराणा पहिले काही महिने बहुधा मोबाइलवरून मागवलेल्या पाकिटांवरच चालतो. सोय म्हणून ते ठीक आहे. पण हे शहर चहूबाजूंनी धान्याने वेढलेले आहे. पूर्वेला भंडारा-गोंदियाचा धानाचा पट्टा, वर्धा-यवतमाळकडे तूर आणि चण्याची काळी जमीन, उमरेडच्या पुढे भिवापूरची मिरची, समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद, आणि वरून मध्य प्रदेशातून उतरणारा गहू. इतका चांगला माल इतक्या जवळ असताना तो ओळखता आला नाही, तर पैसे देऊनही ताटात दुय्यमच येते. ओळखायला शिकणे अवघड नाही. महिन्या-दोन महिन्यांत हात बसतो.

सुरुवातीला एवढे पक्के करा, की चमकीवरून प्रत ठरवायची नाही. डाळ, तांदूळ, हळद, गूळ यांपैकी जे फार चकचकीत दिसते, त्याला बहुतेक वेळा तसे दिसावे म्हणून काहीतरी केलेले असते. खरी परीक्षा हाताने, नाकाने, दाताने आणि शेवटी घरच्या भांड्यात होते.

१. आधी किती लागते ते बघा

दोन माणसांच्या, दोन्ही वेळ घरी जेवणाऱ्या घराला महिन्याला साधारण ६ ते ८ किलो गहू, ३-४ किलो तांदूळ, दीड-दोन किलो तूरडाळ, बाकीच्या डाळी मिळून एक-दीड किलो आणि दोनेक लिटर तेल पुरते. पोळी कमी आणि भात जास्त खाणाऱ्यांनी आकडे फिरवून घ्यावेत. पहिले दोन महिने महिन्यापुरतेच आणा. इथल्या अनेक घरांत वर्षाचे धान्य उन्हाळ्यात भरायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण कोणता गहू तुमच्या तव्यावर चांगला फुलतो हे कळायच्या आत ३० किलोचा कट्टा घरात आणू नका.

२. कुठे जायचे

कळमना हे बाजार समितीचे मोठे आवार. शेतकऱ्यांचा माल तिथे येतो, लिलाव होतात, व्यवहार पोत्यांत चालतो. घरापुरती खरेदी करणाऱ्याला तिथे जायची गरज नाही. तुमचे ठिकाण म्हणजे इतवारी आणि त्याला लागून असलेले मस्कासाथ. डाळ, तांदूळ, खडा मसाला, मिरची, गूळ, सुका मेवा यांची घाऊक दुकाने जवळजवळ आहेत आणि बरेच जण पाच-दहा किलोही देतात. सकाळी जरा लवकर जा. गर्दी कमी असते आणि दुकानदाराला चार शब्द बोलायला वेळ असतो.

तरी प्रत्येक गोष्टीसाठी इतवारी गाठायचे कारण नाही. वस्तीतला एक चांगला किराणावाला आणि एक चांगली चक्की, एवढे जमले की निम्मे काम झाले. ज्या दुकानात माल भराभर खपतो तिथून घ्या. पोती महिनोन्महिने उघडी पडून राहतात तिथे भाव कमी असला तरी जाऊ नका.

घेताना सरळ म्हणायचे, “भाऊ, पाव किलो नमुना द्या, शिजवून बघतो, मग घेतो.” चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. नमुना आणि पोते एकच आहे ना, हे नजरेसमोर बघून घ्या, आणि नमुन्याची चिमूटभर डाळ किंवा तांदूळ पुडीत बांधून ठेवा. पुढे कट्टा आला की दोन्ही शेजारी ठेवून जुळवता येते.

३. तूरडाळ

इथे वेळ द्या. नागपूरच्या जेवणात वरण रोजचे, आणि फसवणूकही इथेच जास्त.

दुकानात तुम्हाला फटका, फोड, गावरानी असे शब्द ऐकू येतील. फटका ही वरची, महाग प्रत. साल पूर्ण निघालेले, दाणा एकसारखा, चुरा नाही. फोड त्याखालची, त्यातही बेस्ट आणि मीडियम असे भाव असतात. गावरानी डाळीचा दाणा दिसायला साधा, पण चवीला उत्तम असू शकतो. रोजच्या वरणाला चांगली फोड पुरते, हे माझे स्पष्ट मत. फटक्याचे जास्तीचे पैसे बऱ्याच अंशी दिसण्याचे असतात.

हातात घेतल्यावर हे बघा. मूठभर डाळ तळहातावर चोळा. बोटांना तेलकट चिकटपणा आला तर तिला तेलाचा हात दिलेला आहे. पॉलिश न केलेली डाळ जरा मळकट-पिवळी, कोरडी, कडांना किंचित पिठूळ असते. मग वाटीभर पाण्यात टाकून पाच मिनिटे ठेवा. पाणी थोडे पांढुरके होणे साहजिक आहे. ते लगेच झगझगीत पिवळे झाले, तर डाळीला रंग दिलेला आहे, ती घेऊ नका.

नंतर लाखोळी. ही डाळ पूर्व विदर्भात धानाचे पीक उभे असतानाच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, ओलीवर पेरतात आणि तिकडच्या घरांत ती खाल्लीही जाते. पण तिच्यात ओडीएपी नावाचा मज्जातंतूंना घातक पदार्थ असतो, आणि महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले तर पाय कायमचे अधू होऊ शकतात. तुरीच्या किंवा चण्याच्या डाळीत स्वस्त मिसळ म्हणून ती येते तेव्हा खाणाऱ्याला पत्ताही नसतो. ओळखायला डाळ पांढऱ्या ताटलीत पातळ पसरा. तुरीची फाक गोलसर असते. लाखोळीची चौकोनी, कोनेदार, एका बाजूला उतार असलेली, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी. एकदा नजर बसली की ताटलीभर डाळीतले दोन दाणेही पटकन दिसतात. चार-पाच दिसले तर ती डाळ परत करा.

शेवटी शिजवणे. चांगली नवी डाळ भिजवून कुकरला लावली की तीन-चार शिट्यांत एकजीव होते आणि वरणाला गोडसर वास येतो. डाळ शिजत नसेल तर दुकानदाराला बोल लावण्याआधी पाणी तपासा. नागपुरात बाहेरच्या बऱ्याच लेआउटमध्ये बोअरचे पाणी वापरतात आणि ते जड असते. त्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचे दाणे मऊ पडत नाहीत. तीच डाळ नळाच्या पाण्यात शिजवून बघा. नळाला येणारे पाणी पेंच आणि कन्हानचे, त्यात डाळ चटकन शिजते. तरीही दाणा दाताखाली टणक लागला, तर डाळ जुनी आहे.

तुरीचा नवा माल साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून बाजारात येतो. वर्षाची डाळ भरायची असेल तर मार्च-एप्रिल योग्य, कारण तोवर नवी डाळ गिरणीतून निघून नीट वाळलेली असते.

४. बाकीच्या डाळी आणि बेसन

इथे सालीशिवायच्या मुगाच्या आणि उडदाच्या डाळीला मोगर म्हणतात. मूग मोगर, उडीद मोगर असेच मागा. उडीद मोगर पांढराशुभ्र नको, किंचित दुधी रंगाचा हवा.

चणाडाळीत वाटाण्याची डाळ मिसळतात. चण्याच्या फाकेचा पृष्ठभाग जरा खडबडीत, वाटाण्याची गुळगुळीत, फिकट आणि जास्त गोल. डाळीत हे निदान डोळ्यांना दिसते, बेसनात काहीच दिसत नाही. म्हणून सुटे बेसन विकत घेऊच नका. डाळ निवडून, ऊन दाखवून चक्कीवर न्या. पाटोडी आणि झुणक्यासाठी बारीक दळून घ्या. वडाभात, गोळाभात करणार असाल तर चणा आणि थोडी तूर एकत्र करून जाडसर भरडा काढून आणा. पाकिटातल्या मऊ बेसनाचे गोळे भातात विरघळून जातात. भरड्याचे राहतात, आणि वरून तापवलेले तेल घातले की ते आतपर्यंत मुरते.

५. तांदूळ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा तांदूळ इथे सहज मिळतो. स्वर्णा आणि परमल स्वस्त, जाडसर. रोजच्या भाताला एचएमटी, श्रीराम, त्यापुढे सुवासिक चिन्नोर. एचएमटी हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्याच शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून तयार केले. नाव पडले ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून. २०१८ मध्ये ते गेले. नागपूरकरांच्या ताटातला रोजचा मऊ, बारीक भात एका कमी जमिनीच्या शेतकऱ्याच्या नजरेतून आलेला आहे, आणि तांदूळ घेताना हे माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

पारखताना मूठभर तांदूळ तळहातावर पसरा. कणी किती, पांढरे खडूसारखे अपारदर्शक दाणे किती, काळे डाग किती ते बघा. एक दाणा दाताखाली धरा. कटकन तुटला तर वाळलेला, दबला तर ओल आहे. नवा तांदूळ धान निघाल्यावर हिवाळ्यात येतो आणि त्याचा भात चिकट होतो. मोकळा भात हवा तर निदान सहा महिने जुना मागा, वर्षाचा मिळाला तर उत्तम. जुना तांदूळ फुलतो, पाणीही जास्त पितो. खिचडीला, लहान मुलांच्या मऊ भाताला मात्र नवा चालतो.

चिन्नोर म्हणून वासाचा तांदूळ कोणी दिला तर दोनदा धुऊन पुन्हा वास घ्या. वरून लावलेला सुगंध धुण्यातच जातो. दाण्यातला सुगंध शिजताना वाढतो. आणि प्रत्येक वेळी अर्धी वाटी शिजवून बघितल्याशिवाय कट्टा घेऊ नका.

पोह्यांबद्दल थोडे. तर्रीपोह्याला जाड पोहे लागतात. वास घ्या, कुबट किंवा तेलकट वास आला तर जुने आहेत. महिन्याला पुरतील तेवढेच आणावे.

६. गहू आणि ज्वारी

बाजारात मुख्य दोन नावे ऐकाल. लोकवन आणि एमपी शरबती. लोकवन म्हणजे गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेले लोक-१ हे वाण. भाव बरा, पोळी चांगली. शरबती मध्य प्रदेशातल्या सीहोर-विदिशाकडचा, दाणा सोनेरी, जड, चवीला गोडसर, पोळी जास्त वेळ मऊ राहते आणि भावही जास्त. शरबतीच्या नावाखाली दुसराच चमकदार गहू खपवला जातो, त्यामुळे नावावर जाऊ नका.

पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागले तर ओल आहे किंवा कीड आहे. हात बाहेर काढल्यावर पीठ चिकटलेले दिसले, तर सोंडे दाणे पोखरत आहेत. मग दहा-बारा दाणे तोंडात टाकून शांतपणे चावत राहा. चांगल्या पोळीच्या गव्हाचा थोड्या वेळाने चिवट, ताणला जाणारा गोळा होतो. चोथा होऊन तुटत गेला, तर पोळ्या कडक होणार. नमुना दोन किलो दळून आठवडाभर पोळ्या खाऊन बघा. डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते का, हे महत्त्वाचे.

चक्कीवर तुमच्या आधी काय दळले ते विचारा. ज्वारी किंवा बेसनामागे तुमचा गहू पडला तर पहिले किलोभर पीठ मिसळीचे येते. गव्हामागे गहू, एवढी विनंती करा. उन्हाळ्यात पीठ तीन आठवडे टिकते, पावसाळ्यात दोन आठवड्यांचेच दळा.

ज्वारी पावसाळी आणि रब्बी अशी दोन. पावसाळीच्या कणसावर शेवटचा पाऊस पडला की दाण्याचे टोक काळे पडते आणि भाकर कडसर लागते. पांढरा-मोतिया, भरलेला दाणा घ्या. संकरितपेक्षा गावरानीची भाकर गोड. ज्वारीचे पीठ मात्र शिळे होऊ देऊ नका. आठ-दहा दिवसांनी त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकर थापताना कडा फाटतात. नवशिके त्यासाठी स्वतःच्या हाताला दोष देतात, दोष बहुतेक वेळा पिठाचा असतो.

७. मिरची, हळद, खडा मसाला

तिखट तयार घेऊ नका. मिरची अख्खी घ्या, देठ मोडा आणि डोळ्यांसमोर कांडून आणा. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. लाल रंग आणि झणका दोन्ही तिच्यात आहे, पण पीक थोडे असल्याने तिच्या नावाने दुसरीच मिरची विकली जाते. आंध्र-तेलंगणाची तेजा जास्त तिखट, ब्याडगी रंगाला. रोजच्या भाजीसाठी यांची मिसळ करून घेणे शहाणपणाचे. मिरची हलवून बघा, आत बिया वाजायला हव्यात. दुमडली तरी तुटत नसेल तर ओल आहे, बुरशी लागेल. पांढुरके चट्टे असलेली मिरची बाजूला काढा. फार तेलकट चमक असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडे तेल लावून पुसा. बोळा भडक लाल झाला तर रंग दिलेला आहे.

मार्च-एप्रिलमध्ये नवी मिरची येते, ऊनही कडक असते. कांडपवाल्यांकडे मे महिन्यात रांगा लागतात, त्याआधीच उरकून घ्या.

हळदही अख्खी. वायगावच्या हळदीलाही मानांकन आहे, तिच्यात कर्क्युमिनचे, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे, प्रमाण चांगले. कांडी मोडून बघा, आत गर्द नारिंगी-पिवळी हवी. बाहेरून भडक पिवळी आणि आत फिकी असेल, तर वरून रंग चोपडला आहे. हळदीवर लावला जाणारा लेड क्रोमेट हा रंग शिशाचा असतो आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते, त्यामुळे ही काळजी घेतलीच पाहिजे. दळलेली घ्यावीच लागली तर ग्लासभर पाण्यावर चमचाभर टाका, ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिके पिवळे राहते. पाणी गडद होऊ लागले तर ती नको.

सावजी पद्धतीचे कालवण करायचे असेल तर खडा मसाला इतवारीतून थोडा थोडा आणून घरी भाजा. लवंगेच्या डोक्याला नख लावा, तेल दिसायला हवे. तेल काढून घेतलेली लवंग सुरकुतलेली आणि हलकी असते. काळे मिरे पाण्यात टाका, तरंगणारे बहुतेक पोकळ असतात किंवा पपईच्या बिया. दगडफूल हातावर चुरल्याबरोबर वास यायला पाहिजे.

८. तेल

सुटे खाद्यतेल विकायला मुळातच कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्य आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळल्याने माणसे दगावली होती. पाकिटावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि वजन बघा. बारीक अक्षरांत ‘ब्लेंडेड’ लिहिले असेल तर शेंगदाण्याचे चित्र असूनही आत मिश्रण आहे.

वजनाचा गोंधळ समजून घ्या. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल, आणि १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर. दोन्ही डबे दिसायला सारखे. आजकाल ८००-८५० ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्या रांगेत ठेवलेल्या असतात. भाव नेहमी किलोवर आणून मग तुलना करा.

रोजच्या वापराला विदर्भात सोयाबीनचे तेल चालते, परवडतेही. वडाभातावर घालायला, चटणीत मिसळायला घाण्यावरचे जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल थोडेसे जरूर ठेवा. जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून लहान बाटली, गार आणि अंधारी जागा.

तूप, मध, मसाल्याच्या पाकिटांवर अ‍ॅगमार्क दिसला तर तो प्रतवारीचा सरकारी शिक्का. त्याची केंद्रीय प्रयोगशाळा नागपुरातच आहे.

९. गूळ, साखर, मीठ

गूळ गडद तपकिरी घ्या. पिवळाधमक गूळ बहुधा रसायनाने उजळलेला असतो. जिभेवर खारट लागला तर टाळा. साखर आणि आयोडीनयुक्त मिठात पारखण्यासारखे फार नाही, कोरडे आणि बंद पाकीट असले की झाले.

१०. भरून ठेवणे

नागपूरचे मे महिन्यातले ऊन ४५ अंशांपलीकडे जाते. धान्य वाळवायला याहून चांगले काही नाही. गहू, ज्वारी आणि डाळी दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरा, संध्याकाळी सावलीत पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. गरम भरलेल्या धान्याला आत घाम फुटतो. तांदूळ मात्र उन्हात टाकू नका, दाण्याला चिरा पडून शिजताना कणी होते. सावलीत वारा द्या.

गव्हात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घाला. तूरडाळीला हाताने एरंडेलाचा अगदी हलका हात लावला तर भुंगे लागत नाहीत, शिजवताना धुतले की निघून जाते. रवा, बेसन, भरडा थोडाच असेल तर आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात काढा, अंडी मरून जातात.

बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात मिसळू नका. आणि धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या, ज्यांना सेल्फॉस म्हणतात, त्या राहत्या घरात कधीही आणू नका. ओलाव्याशी त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. कोणी दुकानदार, शेजारी, अगदी घरातले वडीलधारे म्हणाले तरी नाही म्हणा.

जून संपता संपता हवेत ओल येते. तिथून दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी प्रत्येक डबा उघडून वास घ्या, हात घालून तळ बघा. एका डब्यात कीड दिसली की तो लगेच बाकीच्यांपासून दूर करा, धान्य चाळून पुन्हा ऊन दाखवा, आणि डबा धुऊन, पुसून, उन्हात तापवून मगच त्यात भरा. ओला राहिलेला डबा पुन्हा भरलेल्या धान्याला बुरशी आणतो.